बिनव्याजी हप्ता, डोळखांबचा गुंठा आणि सातबाऱ्यावरची एक ओळ

जुम्याची नमाज सुटली की कल्याण, भिवंडी, मुंब्रा, कुठल्याही मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठरलेले विषय निघतात. सोन्याचा भाव, खोलीचं वाढलेलं डिपॉझिट, सकाळच्या लोकलची गर्दी. आणि गेली एक-दोन वर्षे त्यात एक नवा विषय आला आहे: "तिकडे शहापूर-मुरबाडला एखादा गुंठा घेऊन टाका. समृद्धी झाली. आता नाही घेतला तर परत हात लावता येणार नाही." सांगणारा बहुतेक वेळा एजंट नसतो. आपलाच साडू, मामेभाऊ नाहीतर कारखान्यातला जोडीदार असतो. त्याने स्वतः एक टोकन दिलेले असते आणि शेजारी कोणीतरी ओळखीचा यावा असे त्याला वाटत असते.

या बोलण्यात डोळखांबचे नाव हल्ली बरेच ऐकू येते. म्हणून हा विषय आम्ही नीट लिहायचा ठरवला.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा तर आपल्या वडिलांच्या पिढीपासून आहे. पण बातमी आणि गुंठा यांच्यामध्ये बरेच अंतर असते. द्रुतगती मार्गावर कुठूनही चढता येत नाही, इंटरचेंज असेल तिथूनच चढावे लागते. डोळखांबला जायचे म्हणजे लोकलने आसनगाव, तिथून शहापूर, मग एसटी नाहीतर जीप. आजोबा पर्वताला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना हा रस्ता पाठ आहे. ब्रोशरमध्ये मात्र 'महामार्गापासून काही मिनिटांवर' असे छापलेले असते. किती मिनिटे, कुठल्या वाहनाने आणि रात्री आठनंतर काय, हे छापत नाहीत.

आता आपल्या लोकांकडे हे प्लॉटवाले विशेष प्रेमाने का येतात ते बघा. आपल्यातली बरीच घरे व्याजापासून लांब राहायचा प्रयत्न करतात. एफडी नको, होम लोन नको. मग बचत जाते कुठे? भिशीत, नाहीतर सोन्यात. वीस जणांची पाच-पाच हजारांची भिशी असली तर नंबर लागल्यावर हातात एकदम एक लाख येतो. तो घरात ठेवला तर खर्च होतो, बँकेत ठेवला तर व्याज लागते. विकणाऱ्याला हे आपल्याइतकेच माहीत असते. म्हणून जाहिरातीत 'बिनव्याजी सुलभ हप्ते' मोठ्या अक्षरात असते, आणि अलीकडे त्याच्या शेजारी 'हलाल गुंतवणूक' हेही दोन शब्द येऊ लागले आहेत.

हप्त्याने घेण्यात फिकहच्या दृष्टीने अडचण नाही. किंमत सुरुवातीलाच ठरली पाहिजे, मुदत ठरली पाहिजे, हप्ता चुकला म्हणून वर रक्कम चढता कामा नये. रोखीपेक्षा हप्त्याची किंमत जास्त ठेवली तरी व्यवहार करताना एकच आकडा पक्का झाला असेल तर बहुतेक उलमा ते जायज मानतात. पण या सगळ्याच्या आधीची एक अट आहे, ती जाहिरातीत नसते: जी वस्तू विकणाऱ्याच्या मालकीची नाही ती त्याने विकू नये. व्याज नसले म्हणून दुसऱ्याची जमीन हलाल होत नाही. तेव्हा पहिला सवाल व्याजाचा नाही, सातबाऱ्याचा आहे.

'इतर अधिकार' या रकान्यात काय लिहिले आहे

शहापूर तालुका संपूर्णपणे घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचे क्षेत्र आहे. मुरबाडमधली काही गावेही त्यात आहेत. डोळखांबच्या आसपास ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली समाजाच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम ३६ आणि ३६-अ असे सांगते की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा, कुठल्याच मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. विक्रीसाठी नुसती जिल्हाधिकाऱ्यांची सही पुरत नाही, राज्य सरकारची आधी मंजुरी लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेलाही यात अधिकार आहेत.

हा कायदा उगाच आलेला नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की चार पायल्या भातासाठी सावकाराकडे जायचे आणि दिवाळीनंतर शेतच त्याच्या नावावर झालेले बघायचे, हे ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या घडले. म्हणून १९७४ मध्ये ३६-अ ची तरतूद आली आणि गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाही झाला. व्याजाने माणूस कसा बुडतो हे ज्यांना दिनने शिकवले आहे, त्यांना हा कायदा समजायला जड जाऊ नये.

यावर एजंटचे उत्तर तयार असते. "आदिवासी स्वतः सही द्यायला तयार आहे ना?" नाहीतर, "आत्ता साठेखत करू, परवानगी मागाहून येते." नाहीतर, "जमीन त्याच्याच नावावर राहू द्या, तुम्ही फक्त पावर घ्या." मालकाची सही असली तरी परवानगीशिवाय तो व्यवहार उभा राहत नाही. आणि परवानगी आधी घ्यायची असते.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असाच दोन गुंठ्यांचा हप्ता सुरू केला होता. नवरा रिक्षा चालवतो, बायको घरी शिवणकाम करते. अकरा हप्ते भरून झाल्यावर मुलीने मोबाइलवर सातबारा काढला. 'इतर अधिकार' मध्ये सरळ लिहिले होते: कलम ३६ व ३६-अ ला अधीन. आम्ही त्यांच्याबरोबर पाड्यावर गेलो. जमिनीचे मालक वयस्कर गृहस्थ. त्यांनी पाणी दिले, बसायला खाट टाकली. म्हणाले, "मला वीस हजार दिले हाईत इसार म्हणून. अंगठा कशावर घेतला ते मला वाचता येत नाही." शेताची त्यांनी दाखवलेली कडा आणि ब्रोशरमधल्या प्लॉट नंबर १४ ची कडा एकच होती. परत येताना रिक्षावाल्या भाईंनी एवढेच विचारले, "मग आपण इतके दिवस पैसे कुणाला देत होतो?" पुष्कळ खेपा घातल्यावर त्यांना निम्म्याहून थोडी जास्त रक्कम परत मिळाली. बाकीची अजून 'पुढच्या महिन्यात' आहे.

तालुक्यातली प्रत्येक जमीन अशी नाही. कुणबी, आगरी, मुस्लिम, इतर समाजाच्या जमिनी आहेत आणि त्यांची कायदेशीर विक्री होते. फक्त ती जमीन कुठली, हे एजंटच्या तोंडून नव्हे तर सातबाऱ्यावरून ठरते. त्याच रकान्यात 'खाजगी वन' किंवा वनखात्याची काही नोंद दिसली तरी थांबा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ठाणे जिल्ह्यातली बरीच वरकस जमीन सरकारकडे गेली आणि त्यावरचे वाद चाळीस-चाळीस वर्षे चालले आहेत. वर डाव्या बाजूला 'भोगवटादार वर्ग २' असेल तर तिलाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

शेतकरी कोण आणि गुंठा कशाचा

समजा जमीन बिगर-आदिवासीची आहे. तरी ती शेतजमीन असेल तर ती घेणारा शेतकरी असला पाहिजे. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, कलम ६३. शेतकरी नसताना घेतली तर कलम ८४-क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. इथे आपल्या अनेक घरांना एक गोष्ट लक्षात येत नाही. रत्नागिरी, रायगड किंवा मराठवाड्यात आजोबांच्या नावाचा सातबारा अजून पडून असेल, वारस नोंद केलेली नसेल. ती आधी करून घ्या, बहिणींची नावे न गाळता. महाराष्ट्रात कुठेही नावावर शेती असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा मिळतो.

मग प्रश्न तुकड्याचा. ४० गुंठ्यांचा एक एकर, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ही किमान मर्यादा ठरली. डोळखांबकडची शेती बहुतेक पावसावरच्या भाताची. म्हणजे शेतजमिनीतला एक-दोन गुंठ्यांचा स्वतंत्र तुकडा कायद्यात बसत नाही. त्यावर उपाय म्हणून वीस माणसे एका सातबाऱ्यावर 'सामाईक' चढवतात. नाव लागते हे खरे. पण तुमचा गुंठा नेमका कुठला, हे त्या कागदावर कुठेच नसते. वीसपैकी एकजण भांडला किंवा वारला की बाकीचे एकोणीस अडकले.

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली, तेव्हा आमच्याही व्हॉट्सॲपवर 'तुकडेबंदी उठली' असे मेसेज फिरले. त्या सवलतीचा भर निवासी वापराच्या क्षेत्रातल्या, आधीच पडलेल्या लहान तुकड्यांवर आहे. आतल्या पाड्यावरचे भाताचे खाचर त्यामुळे प्लॉट होत नाही. आणि आदिवासी जमिनीच्या ३६-अ ला तर त्या घोषणेने हातही लावलेला नाही.

'एनए होणार आहे' आणि 'एनए आहे' यातही तोच फरक. एनए असेल तर आदेशाची प्रत आणि मंजूर लेआउट मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर किंवा आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विक्री चालू असेल तर महारेराची नोंदणी लागते. तो क्रमांक वेबसाइटवर स्वतः टाकून बघा, पत्रकावर छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका.

स्टँपपेपरवरच्या नोटरीने मालकी येत नाही. साठेखताने नाही, कुलमुखत्यारपत्राने नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात हे स्वच्छ सांगितले आहे. नोंदणीकृत खरेदीखत लागते. तेही झाले म्हणून संपले नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. नंतर फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकती येतात, मंडळ अधिकारी मंजूर करतात. कलम ६३ किंवा ३६-अ चा घोळ असला की तो इथे बाहेर येतो, म्हणजे पैसे गेल्यावर.

पाणी

कागद चोख असला तरी एक गोष्ट उरते. डोळखांबकडे प्लॉट बघायला लोक ऑगस्टमध्ये जातात. डोंगरावरून धबधबे, हिरवेगार माळ, पोरं खूश, टोकन तिथेच दिले जाते. तुम्ही मे महिन्यात जा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत सर्वात मोठा वाटा भातसाचा. भातसा याच तालुक्यात आहे, तानसाही इथलेच. आणि याच तालुक्यात उन्हाळ्यात गावागावांना, पाड्यांना टँकर लागतो. बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन विहिरीवर उतरतात. धरण शेजारी आहे म्हणून नळाला पाणी येते, हा समज इथल्या माणसाला हसू आणतो. भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना आहे, पण योजनेचे पाणी आणि तुमच्या प्लॉटच्या नळाचे पाणी यात अजून बराच पाइप टाकायचा असतो. ज्या प्लॉटवर विकणारा 'बोअर मारून देऊ' म्हणतो, तिथे आजूबाजूच्या बोअरला एप्रिलमध्ये पाणी असते का, हे शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. ती खोटे सांगणार नाही.

आता जकातीचे, कारण रमजानमध्ये आम्हाला हा प्रश्न हमखास येतो. स्वतः घर बांधून राहायच्या नियतीने जागा घेतली असेल तर तिच्यावर जकात नाही. भाव वाढला की विकू, या नियतीने घेतली असेल तर ती व्यापाराचा माल धरतात, आणि दर वर्षी त्या वेळच्या बाजारभावाच्या अडीच टक्के जकात निघते. टपरीवर 'भाव दुप्पट झाला' म्हणून सांगणाऱ्या भाईंनी हा हिशेबही त्याच आकड्यावर करायला हवा. तपशील आपापल्या मौलानांना विचारून घ्यावा.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायचा आणि साक्षीदार ठेवायचा हुकूम आहे. कुरआनातली ही सर्वात लांब आयत. तरी आपल्याकडे 'भाई ओळखीचा आहे, पावती कशाला' हे वाक्य अजून चालतेच.

ज्यांचे हप्ते आधीच चालू आहेत त्यांच्यासाठी. पत्रकावरचा गट नंबर घ्या. महाभूलेखवर गाव निवडून सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत मिळते. मालकाचे नाव, 'इतर अधिकार' आणि शेवटचे फेरफार वाचा. समजले नाही तर शहापूरला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे ती प्रत घेऊन जा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढायला जो खर्च येतो तो एका हप्त्याच्या आसपास असतो. ३६-अ ची नोंद दिसली तर पुढचा हप्ता रोखा, भरलेल्या सगळ्या रकमांच्या पावत्या, बँकेच्या नोंदी आणि मेसेज एका ठिकाणी करा, आणि पैसे परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. रोख दिले असतील तर त्या वेळी सोबत कोण होते ते आजच लिहून काढा. त्याच एजंटकडे अजून कोणाकोणाचे हप्ते चालू आहेत तेही विचारा. बहुतेक ते तुमच्याच मोहल्ल्यातले निघतील, आणि तहसीलदारांकडे किंवा पोलिसांत एकट्याने जाण्यापेक्षा दहाजणांनी मिळून अर्ज दिलेला बरा.