शाळेची दुर्बीण आणि ध्रुवाची दिशा

शाळेच्या पटांगणात आकाशदर्शनाचा कार्यक्रम योजला जातो. विद्यार्थी व ग्रामस्थ रांगेत उभे राहतात आणि शिक्षक मोठ्या प्रयासाने शनी ग्रह दुर्बिणीत आणतात. पहिल्या विद्यार्थ्यास ग्रहाभोवतीचे कडे स्पष्ट दिसते, दुसऱ्यास ग्रह काठाशी गेलेला आढळतो, तिसऱ्याच्या वाट्यास नुसता काळोख येतो. यात दुर्बिणीचा दोष नसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे सारे आकाश दर चार मिनिटांस एक अंश सरकत असते. शंभरपट मोठे दाखविणाऱ्या सर्वसाधारण नेत्रिकेतून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दृष्टीस पडतो. मध्यभागी आणलेला ग्रह त्यामुळे सुमारे एका मिनिटातच दिसेनासा होतो.

या अडचणीवरील उपाय म्हणजे विषुववृत्तीय बैठक होय. साध्या बैठकीवर दुर्बीण वर-खाली व आडवी अशी दोन प्रकारे फिरते आणि ताऱ्याची तिरकस वाट धरण्यासाठी या दोन्ही हालचाली एकाच वेळी कराव्या लागतात. विषुववृत्तीय बैठकीचा एक आस पृथ्वीच्या आसाशी समांतर ठेवलेला असतो. त्यास ध्रुवाक्ष म्हणतात. या एकाच आसाभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांस एक फेरा या गतीने दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरत राहिली, की तारा नेत्रिकेत स्थिर दिसतो.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाशी समांतर आहे. तिचा कल उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे २३ अंशांहून थोडा अधिक आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. इंदूरच्या शाळांना सहलीसाठी हे ठिकाण जवळचे आहे. ती भिंत एकदा पाहिली, की ध्रुवाक्ष म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र ते यंत्र उचलून गोव्यात आणून ठेवले तर निरुपयोगी ठरेल, कारण जितका गावाचा अक्षांश तितकीच ध्रुवाची क्षितिजापासून उंची. ही उंची पणजीस १५.५ अंश, बेळगावास १५.९, हैदराबादेस १७.४, बडोद्यास २२.३, तर ग्वाल्हेरीस २६.२ अंश इतकी आहे. उत्तरेकडील देशांसाठी बनविलेली बैठक पुष्कळदा चाळीसच्या आसपासच्या अंशावर बसविलेली असते. ती तशीच ठेवली तर गोव्यात जवळजवळ पंचवीस अंशांची चूक होते. मग मोटर चालू असूनही ग्रह निसटतो आणि दुर्बीण बिघडली असे समजून ती कपाटात जाते.

म्हणून प्रथम तिपाई घट्ट जमिनीवर पाणसळीने सपाट करावी आणि तिचा एक पाय उत्तरेस ठेवावा. ध्रुवाक्षाचा कल अंशपट्टीवर स्थानिक अक्षांशाइतका करावा. दक्षिणेकडील भागात ध्रुवाक्ष फार लवलेला असल्याने प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायास अडतो की काय, हे दिवसाउजेडीच फिरवून पाहावे. दुर्बीण व प्रतिभार यांचा तोलही तेव्हाच साधून घ्यावा.

उत्तर दिशेसाठी होकायंत्रावर विसंबणे बरे नव्हे. गच्चीतील लोखंडी सळ्या व खुद्द तिपाईचे लोखंड सुई विचलित करतात. त्यापेक्षा सूर्यसिद्धान्तात सांगितलेली शंकूची रीत अधिक विश्वसनीय आहे. सपाट जागी सरळ काठी उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळावर आले ती खूण व दुपारनंतर पुन्हा आले ती खूण जोडली, की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिच्यावरील लंब ही उत्तर-दक्षिण रेषा. विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेतल्यास भूगोलाचा एक तास सार्थकी लागतो.

रात्री ध्रुवतारा दिसत असल्यास ध्रुवाक्ष त्याच्यावर रोखावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ४० कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीहूनही थोडा अधिक दूर आहे, परंतु नुसत्या दर्शनासाठी एवढी चूक चालते. अडचण निराळीच असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची. पणजीस ध्रुवतारा क्षितिजापासून अशा दीड मुठीच वर असतो. माड, डोंगर किंवा शेजारचे छप्पर त्यास सहज झाकून टाकते.

अशा ठिकाणी, किंवा छायाचित्रे घ्यावयाची असल्यास, ताऱ्याच्या सरकण्यावरून चूक शोधावी. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे खगोलीय विषुववृत्तालगत असल्याने या कामी उत्तम. डिसेंबरच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास ते पूर्वेकडे असतात. त्यांपैकी एक नेत्रिकेत धरून मोटर चालू ठेवावी. तारा दक्षिणेकडे सरकला तर ध्रुवाक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर आहे. मध्यरात्रीनंतर हेच तारे याम्योत्तर वृत्तावर येतात. तेव्हा तारा दक्षिणेकडे सरकला तर ध्रुवाक्ष पूर्वेस झुकलेला, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेस झुकलेला समजावा. नेत्रिकेत प्रतिमा उलटी दिसते, म्हणून दिशा ओळखण्यासाठी दुर्बीण किंचित उत्तरेकडे लोटावी. ज्या कडेने नवे तारे आत येतील ती उत्तर. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे येथे लक्ष देऊ नये, तो दोष मोटरच्या गतीचा असतो.

हा खटाटोप प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी करण्याचे कारण नाही. बैठक एकदा जुळली, की तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागी जमिनीत खुणा कराव्यात आणि ध्रुवाक्षाचा खिळा घट्ट आवळून ठेवावा. रंगाच्या खुणा कोकणपट्टीतील एका पावसाळ्यातच पुसल्या जातात. छिन्नीने सिमेंटात खळगे कोरून घेतले तर पुढील वर्षी बदलून आलेल्या शिक्षकासही दुर्बीण थोडक्या वेळात उभी करता येते.