किल्ली फिरवण्याआधीची दोन मिनिटे

नवी मोटार घेताना मायलेज किती, इंजिन किती सीसीचे, हप्ता किती बसेल याची चौकशी घराघरांत होते. शोरूममधून चक्कर मारतानाही लक्ष असते ते एसी, म्युझिक सिस्टिम आणि पिकअपकडे. ज्या सीटवर बसून पुढची आठ-दहा वर्षे गाडी चालवायची, ती आपल्या शरीराला जुळते की नाही, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर पुढे कंबर, मान आणि गुडघे देऊ लागतात. शिवाय प्रश्न केवळ दुखण्याचा नाही. सीट चुकीच्या जागी असेल, तर अपघाताच्या क्षणी सीटबेल्ट आणि एअरबॅग यांचे संरक्षणही अपुरे पडते.

कण्यावरचा भार

उभे असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूने नैसर्गिक बाक असतो. बसताच कटिभाग मागे कलतो, हा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधील चकत्यांवर ताण येतो. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून तिच्यातील दाब प्रत्यक्ष मोजला. टेकू न घेता बसलेल्या माणसाच्या चकतीत उभ्या माणसापेक्षा अधिक दाब असतो, असे त्यांच्या मोजमापांत आढळले. पाठ किंचित मागे कलली आणि कमरेला आधार मिळाला की तो कमी होतो, हेही पुढील प्रयोगांतून दिसले.

घरातील खुर्चीपेक्षा मोटारीतील बैठक अधिक कष्टाची ठरते, याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे कंपने. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला सुमारे ४ ते ६ आवर्तने असलेल्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते आणि रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनात अशी मंद कंपने भरपूर असतात. खड्डे आणि गतिरोधक त्यात भर घालतात. दुसरे कारण पाय. खुर्चीत पाय जमिनीवर टेकून शरीराला आधार देतात, मोटारीत ते पेडलवर गुंतलेले असतात. शहरातील कोंडीत क्लच शेकडो वेळा दाबावा लागतो. सीट फार मागे असेल, तर दर वेळी चालकाचे शरीर थोडे पुढे घसरते, कमरेमागे पोकळी निर्माण होते आणि सर्व भार पाठीच्या स्नायूंवर येतो.

मोजमाप कोणाच्या शरीराचे?

मोटारीच्या आतल्या भागाची आखणी चालकाच्या कंबर आणि मांडी यांच्या सांध्यापासून सुरू होते. अभियंते या बिंदूला ‘एच-पॉइंट’ म्हणतात. पेडल किती दूर, स्टिअरिंग किती उंच, काचेतून रस्ता किती दिसेल हे सारे त्यावरून ठरते. भारतात १९९८ मध्ये सँट्रो आणि १९९९ मध्ये वॅगन आर या उंच बांधणीच्या गाड्या आल्या. त्यांत चढ-उतार करताना वाकावे लागत नव्हते, कारण हा बिंदू जमिनीपासून अधिक उंचीवर होता.

एकच सीट सर्वांना जुळवायची म्हणून ती मागे-पुढे आणि वर-खाली सरकवण्याची सोय केली जाते. पण या सोयीलाही मर्यादा असतात. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचण्यांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या पुरुषी पुतळ्याची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. छोट्या चणीच्या स्त्रीचा पुतळा सुमारे १५० सेंटिमीटर उंचीचा असून तो अमेरिकेतील सर्वांत लहान ५ टक्के स्त्रियांचे प्रतिनिधित्व करतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिकडे जे शरीर अपवादात्मक मानले गेले, ते इकडे सर्वसामान्य आहे. स्टिअरिंगला चिकटून गाडी चालवणाऱ्या अनेक महिलांना ‘सवय चुकीची’ असे ऐकवले जाते. प्रत्यक्षात अनेकदा क्लचपर्यंत पाय पोहोचावा म्हणूनच त्यांना तसे बसावे लागते.

क्रम पायापासून

सीट जुळवण्याचा एक निश्चित क्रम आहे आणि तो उभ्या गाडीतच पूर्ण करावा. प्रथम खिशातील पाकीट काढून ठेवावे. एका बाजूच्या पाकिटामुळे कटिभाग तिरपा होतो. नंतर पाठीमागे पोकळी राहणार नाही, इतके मागे सरकून बसावे. सीटची उंची बदलता येत असेल, तर ती स्टिअरिंगवरून रस्ता स्पष्ट दिसेल इतकी वाढवावी. डोके आणि छत यांत किमान एका मुठीचे अंतर राहू द्यावे. मग क्लच तळापर्यंत दाबून सीट मागे-पुढे करावी. क्लच पूर्ण दाबलेला असतानाही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडीत हीच कसोटी ब्रेकवर लावावी.

त्यानंतर सीटची पाठ. बैठक आणि पाठ यांत साधारण १०० ते ११० अंशांचा कोन असावा. खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ पुढे केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. म्हणजे चालवताना कोपर आपोआप वाकलेले राहते. हात पूर्वी घड्याळातील दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांप्रमाणे ठेवायला शिकवत. एअरबॅग आल्यापासून सव्वानऊची स्थिती सुचवली जाते, कारण एअरबॅग उघडताना वर असलेले हात चेहऱ्यावर आदळू शकतात.

हेडरेस्ट हे नावावरून विश्रांतीचे साधन वाटते. त्याचे खरे काम मागून धडक बसल्यावर मानेला बसणारा हिसका रोखण्याचे आहे. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीत आणि डोक्यापासून शक्य तितकी जवळ असावी. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता कटीच्या हाडांवरून घ्यावा. गर्भवतींनी तो पोटाखालून घ्यावा. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जावा. आरसे सर्वांत शेवटी लावावेत, कारण सीट हलली की आरशातील दृश्यही बदलते.

पंचवीस सेंटिमीटरचे अंतर

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगते. अगदी जवळ बसलेल्या चालकाला तिच्यामुळेच इजा होऊ शकते. म्हणून छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, असा सल्ला अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा देते.

कमी उंचीच्या चालकांची अडचण येथेच होते. पाय पोहोचवावा तर छाती जवळ येते आणि छाती दूर न्यावी तर पाय पोहोचत नाही. यावर काही उपाय आहेत. पायांसाठी सीट पुढेच ठेवून तिची पाठ थोडी मागे कलवावी. त्यामुळे रस्ता दिसेनासा झाला, तर सीटची उंची वाढवावी. स्टिअरिंग खाली कलवता येत असल्यास ते खाली घ्यावे, म्हणजे एअरबॅगचा रोख चेहऱ्याऐवजी छातीकडे राहतो. उंचीसाठी मऊ, जाड उशी घेणे टाळावे. ती घसरते आणि सीटबेल्टची पकड सैल करते.

त्यामुळेच सीटची उंची बदलण्याची आणि स्टिअरिंग जुळवण्याची सोय ही चैन समजू नये. अनेक मॉडेलांत ती स्वस्त आवृत्तीत नसते आणि काही हजार वाचवताना प्रथम तिच्यावरच काट मारली जाते. गाडी घरातील ज्या-ज्या व्यक्ती चालवणार असतील, त्या प्रत्येकीने खरेदीपूर्वी वरील क्रमाने सीट जुळवून पाहावी. सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीला २५ सेंटिमीटरचे अंतर राखून क्लच पूर्ण दाबता आला, तरच ती गाडी त्या घराला योग्य म्हणावी.

गाडी घरी आल्यावरही चालक बदलला की सीट, स्टिअरिंग आणि आरसे पुन्हा जुळवावेत. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करावेत. कितीही उत्तम सीट असली, तरी एकाच स्थितीत तासन् तास बसणे कण्याला मानवत नाही.