पुण्याच्या मैफली आणि हरवलेला प्रहर

दिवाळी उलटून पुण्याच्या हवेत थंडीची किंचित धार आली की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर गायन, वादन आणि नृत्य यांच्या आगामी कार्यक्रमांची दाटी होऊ लागते. कोणत्या नाट्यगृहात कोणाचे गाणे आहे, तबल्यावर आणि संवादिनीवर साथीला कोण बसणार आहे, प्रवेशिका कोठे आणि कोणत्या तारखेपासून मिळणार आहेत, हा सारा तपशील येथील जाणता श्रोता पंचांगातील तिथीवार पाहावेत तितक्या निष्ठेने वाचतो. डिसेंबरातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या कलावंतांची यादी प्रसिद्ध झाली म्हणजे तर तिच्यावर घरोघरी खल सुरू होतो. या याद्यांमध्ये नावांकडे सर्वांचेच लक्ष जाते; परंतु गेल्या दीडशे वर्षांतील पुण्याच्या संगीतजीवनाचा मागोवा घेऊ लागलो, तर नावांच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेली वेळ हीच अधिक बोलकी ठरते, असे मला वाटते; कारण या शहराने संगीताला किती काळ आणि कोणता काळ देऊ केला, याचा इतिहास त्या बारीक अक्षरांत साठलेला आहे.

बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे यांच्या खटपटीने 1874 साली पूना गायन समाज स्थापन झाला, त्या काळी गाणे संस्थानिकांच्या दरबारांत, सरदारांच्या वाड्यांत, कलावंतिणींच्या माड्यांवर आणि देवळांतील उत्सवांत नांदत होते. सुशिक्षित गृहस्थाने गाणे शिकावे किंवा उघडपणे ऐकावयास जावे, ही गोष्ट प्रतिष्ठेस बाधक मानली जात होती. हा संकोच मोडण्याचा उद्योग या समाजाने आरंभिला, आणि पुढे 1911 साली भास्करबुवा बखले यांनी भारत गायन समाजाची स्थापना करून त्यास शिक्षणाचे भरभक्कम अधिष्ठान दिले. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांनीही याच सुमारास पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. आणि त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी स्त्रियांनी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचा पायंडा पाडण्यात जो पुढाकार घेतला, त्याचे ऋण आजच्या प्रत्येक गायिकेवर आहे. त्या काळच्या बैठकांना घड्याळाची मर्यादा नव्हती. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळे श्रोते मोजके असत. गवयाचा गळा तापला आणि यजमानाने आग्रह धरला, की बैठक पहाटेपर्यंत चाले, आणि राग प्रहराचा हात धरून आपोआप बदलत जात.

ही उत्तररात्र मोजक्या रसिकांच्या दिवाणखान्यातून काढून हजारोंच्या पदरात टाकण्याचे श्रेय मात्र निःसंशयपणे सवाई गंधर्वांच्या शिष्यपरिवाराकडे जाते. रामभाऊ कुंदगोळकर हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. 1886 साली कुंदगोळ येथे जन्मलेले, काही काळ संगीत रंगभूमी गाजवलेले आणि सवाई गंधर्व या नावाने महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही प्रांतांनी आपले मानलेले हे गायक 12 सप्टेंबर 1952 रोजी पुण्यात दिवंगत झाले. त्यानंतर पंडित भीमसेन जोशी आणि रामभाऊंचे जामात डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने 1953 पासून पुण्यतिथीचा संगीतोत्सव सुरू केला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला पुण्यात आकाशवाणीचे केंद्र उघडले, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. नभोवाणीने राग मिनिटांच्या हिशेबात बसवून घरोघरी पोहोचवला, हे तिचे उपकार कोणी नाकारू नयेत. परंतु मिनिटांचा तो हिशेब सर्वत्र रूढ होऊ पाहत असतानाच, गुरूच्या स्मरणार्थ आख्खी रात्र गाण्याला वाहणारा एक उत्सव त्याच शहरात उभा राहिला, आणि दोहोंचे श्रोते बहुतांशी तेच होते.

पुढे हा उत्सव लहान सभागृहांतून मोठ्या मांडवात आला, शाळांच्या प्रांगणांत स्थिरावला आणि रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानाशी तर त्याचे नाते असे जुळले, की त्या पेठेतील थंडीच्या आठवणी आणि सुरांच्या आठवणी एकमेकींपासून वेगळ्या काढणे जुन्या श्रोत्यांना आजही शक्य होत नाही. सतरंजीवरची भारतीय बैठक, अंगाभोवती घट्ट लपेटलेल्या शाली व कानटोप्या, मध्यरात्रीनंतर चहाच्या दुकानाशी चाललेले वादविवाद, कोठे पेंगणारे मूल मांडीवर घेऊन बसलेली आई, कोठे हातावर ताल देणारा एखादा विद्यार्थी, असा तो समुदाय असे. आणि त्याच्या साक्षीने बागेश्री, दरबारी, मालकंस यांच्या वाटेने चाललेली रात्र ललित आणि भटियार यांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपे, मांडवाच्या कनातीमागून उजेड डोकावू लागला की भैरव किंवा तोडीचा षड्ज लागे, आणि ऊन अंगावर येईपर्यंत आसावरीपाशी पोहोचलेली मैफल भैरवीने पूर्ण होई. पंडित भातखंडे यांनी आपल्या ग्रंथांतून रागांचे समयचक्र मांडले, त्याची मीमांसा पंडितांनी पुष्कळ केली आहे व त्यास आक्षेपही पुष्कळ घेतले आहेत. परंतु कोमल ऋषभाचा आणि उजाडण्याचा काय संबंध आहे, हे ज्याने एका जागी बसून रात्र सरताना ऐकले, त्याला त्या चर्चेची गरज उरत नसे. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर या गुरुबंधु-भगिनींनी आपल्या उतारवयातही ज्या निष्ठेने येथे हजेरी लावली आणि भीमसेनजींनी गायक, यजमान आणि प्रसंगी कारभारी अशा तिन्ही भूमिकांत जी वर्षे वेचली, त्याला सेवा हाच शब्द योग्य आहे.

नृत्याची कथा थोडी निराळी आहे. रोहिणी भाटे यांनी 1947 साली नृत्यभारती स्थापन केली, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलीने कथक शिकणे हीच धाडसाची बाब होती. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या त्यांनी या शहरात अशी रुजवली, की पुढील तीन पिढ्यांच्या नर्तकींचे मूळ तेथे सापडते. नृत्याला रंगमंच लागतो, प्रकाशयोजना लागते. 26 जून 1968 रोजी बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाल्यावर ती सोय उत्तम प्रकारे झाली. मात्र नाट्यगृहाचा कारभार सत्रांवर चालतो. दुपारच्या सत्राने संध्याकाळच्या सत्रासाठी जागा रिकामी करावी लागते, रात्रीच्या नाटकास ठरल्या वेळी उभे राहावे लागते, आणि या शिस्तीत मैफलही हळूहळू तीन तासांची झाली.

मग कायदा आला. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे केंद्र सरकारचे नियम 2000 सालच्या फेब्रुवारीत जारी झाले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. पुढे वर्षातील फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारांना मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली या साऱ्या व्यवस्थेवर आपली मोहर उमटवली. या निर्बंधांविरुद्ध संगीतप्रेमी मंडळींत त्या वेळी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. तीत मी पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. रुग्णाची झोप आणि परीक्षार्थ्याचे स्वास्थ्य यांचा हक्क मालकंसाहून कमी प्रतीचा नाही, आणि ज्या कर्णकर्कश गोंगाटामुळे हा कायदा करावा लागला, त्याचा उपद्रव या देशातील कोणत्याही शहरवासीयास समजावून सांगावा लागत नाही. दुःख एवढेच की गोंगाट करणाऱ्यांनी पळवाटा शोधल्या, आणि कायदा निमूटपणे पाळणारी मैफल तेवढी दहाच्या ठोक्याला तंबोरे गवसणीत घालू लागली.

सवाईचे सत्र त्यानंतर दुपारी सुरू होऊ लागले, आणि येथे एक लाभही नोंदवला पाहिजे, जो सहसा कोणी नोंदवत नाही. जेव्हा कार्यक्रम सायंकाळी उशिरा सुरू होत, तेव्हा मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती हे तिसऱ्या-चौथ्या प्रहराचे राग जाहीर मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले होते. ते आता भर मांडवात, आपल्या स्वतःच्या उन्हात, ऐकावयास मिळू लागले. दिवस कलत असताना मुलतानीतून मारवा किंवा श्री यांच्याकडे होणारे संक्रमण हे पहाटेच्या संक्रमणाइतकेच गंभीर आहे, हे नव्या श्रोत्याला या नव्या वेळेनेच शिकवले. परंतु त्याबरोबर एका पिढीच्या कानांवरून ललित निघून गेला. आज संगीताचा विद्यार्थी ललित शिकतो, त्यात दोन मध्यमांचा प्रयोग कसा करावा हे जाणतो, परीक्षेत तो गाऊन उत्तम गुणही मिळवतो. परंतु ज्या वेळेसाठी तो राग जन्मला, त्या वेळी शेकडो जागत्या माणसांच्या सान्निध्यात तो ऐकण्याचा योग त्याला येत नाही.

दरम्यान माणसेही गेली. दस्तूर 2008 मध्ये, गंगूबाई 2009 मध्ये, आणि भारतरत्न किताबाने गौरवलेले भीमसेनजी 24 जानेवारी 2011 रोजी. त्यानंतर उत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचेही नाव आले. महोत्सव पुढे मुकुंदनगरात गेला, करोनाच्या साथीत खंडित झाला, पुन्हा भरू लागला. अनेक वर्षे ज्यांच्या गायनाने समारोप होत असे, त्या डॉ. प्रभा अत्रे 2024 च्या जानेवारीत निवर्तल्या. वसंतराव देशपांडे यांच्या स्मृत्यर्थ वसंतोत्सव सुरू झाला, दिवाळीच्या पहाटेच्या मैफली गावोगाव रुजल्या, नव्या उपनगरांत नवी सभागृहे उठली. संख्येच्या दृष्टीने पाहता पुण्यात आज जितके गाणे आणि नृत्य होते, तितके पूर्वी कधीच होत नव्हते.

तेव्हा उणीव आहे ती एकाच प्रहराची, आणि ती भरून काढण्यास कायद्याची अडचण आपण समजतो तेवढी नाही. तेच नियम नीट वाचले, तर बंदिस्त सभागृहातील अंतर्गत ध्वनियोजनेस रात्रीच्या मनाईतून वगळले आहे, असे आढळते. म्हणजे ज्या शहरात चांगली सभागृहे आहेत, तेथे हंगामातून एखादी रात्र तरी उजाडेपर्यंत चालवण्यास नियमांची आडकाठी नाही, खर्च आणि कर्मचाऱ्यांची रात्रपाळी यांची तजवीज तेवढी करावी लागेल. खुल्या मांडवासाठीही एक वाट आहे. डिसेंबरात पुण्याचा सूर्योदय सातच्या आसपास होतो आणि मनाई सहाला संपते; सहाला तंबोरे जुळलेले असतील, तर सूर्योदयापूर्वीचा जवळजवळ एक तास कायद्याच्या चौकटीतच हाती लागतो, आणि एका जाणत्या गायकाला ललितासाठी तेवढा अवधी पुरे आहे. येत्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी संयोजक संस्थांनी महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी असे एक सत्र सहाचे ठेवावे, आणि एखाद्या सभागृहाने दर हिवाळ्यात एक रात्र गाण्यासाठी राखून ठेवावी, एवढीच या मागोव्याच्या निमित्ताने माझी त्यांना विनंती आहे.