नऊ सप्टेंबर : एका तारखेचे हक्कदार

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ‘दिनविशेष’ या मथळ्याखाली जो चतकोर मजकूर रोज छापला जातो, त्याच्याइतका निरुपद्रवी मानला गेलेला, आणि म्हणूनच ज्याची कधी कोणी झडती घेतली नाही, असा मजकूर मराठी नियतकालिकांत क्वचितच सापडेल. त्यात सम्राट आणि सिनेनट, तत्त्वज्ञ आणि गोलंदाज, एखाद्या राष्ट्राची स्थापना आणि एखाद्या पुलाचे उद्घाटन ही सारी, परस्परांशी ओळखदेख नसलेल्या वऱ्हाड्यांप्रमाणे, एका पंगतीत बसविलेली असतात. आणि वाचक चहाच्या दोन घोटांमध्ये ती पंगत उठवून पुढल्या पानाकडे वळतो. एका तारखेस अनेक गोष्टी घडल्या एवढे सांगून तो मजकूर थांबतो. त्या तारखेवर हक्क कोणाचा, आणि तो कोणत्या दाखल्याने शाबीत होतो, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न नंदुरबारच्या ९ सप्टेंबरपुरता विचारावयाचे योजिले आहे.

मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुरते उजाडण्यापूर्वीच गांधीजींसह काँग्रेसचे प्रमुख पुढारी स्थानबद्ध झाले. त्या घटनेस बरोबर एक महिना पूर्ण झाला तो बुधवार, ९ सप्टेंबर. नंदुरबार हे त्या काळी मुंबई इलाख्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्याचे एक तालुक्याचे ठाणे होते. जिल्ह्याचे दप्तर धुळ्यास. परंतु जुन्या सुरत–बऱ्हाणपूर मार्गावरचा हा कसबा असल्यामुळे, आणि पुढे तापीच्या खोऱ्यातून आलेल्या लोहमार्गानेही तीच दिशा कायम केल्यामुळे, पेठेचे तोंड सदैव सुरतेकडे होते, आणि व्यापारी घरांतून मराठीइतकीच गुजराती नांदत होती. अशाच एका घरातला शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता हा शाळकरी मुलगा, हाती तिरंगा घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीबरोबर, त्या दिवशी नंदुरबारच्या बाजारपेठेत शिरला. पोलिसांनी मिरवणूक अडविली, पांगण्याचा हुकूम दिला, आणि तो मानला गेला नाही तेव्हा गोळीबार केला. बंदुकीची नळी मिरवणुकीतल्या मुलींकडे वळलेली पाहताच शिरीषकुमार पुढे झाला आणि मारायची तर गोळी मला मारा असे म्हणाला, अशी हकिगत नंदुरबारात आजही सांगितली जाते. त्या गोळीबारात तो पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. या पाच नावांत गुजराती आणि मराठी घराणी एकत्र आली आहेत, हे त्या गावच्या घडणीचेच प्रतिबिंब म्हणावे लागेल.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे मृत्युसमयी त्याचे वय पंधरा वर्षे आणि साडेआठ महिन्यांहून काही दिवस कमीच होते. २८ डिसेंबर हीच काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाची तारीख, सन १८८५ ची. आणि पुढे उद्योगपती म्हणून विख्यात झालेले धीरूभाई अंबानी (१९३२) व रतन टाटा (१९३७) हे दोघेही त्याच तारखेस जन्मले. हा योगायोग मौजेचा खरा, पण तो मौजेपुरताच. काँग्रेसच्या वाढदिवशी जन्मला म्हणून कोणी काँग्रेसच्या झेंड्याखाली मरण पत्करीत नाही.

तारखेची गोष्ट निघाली आहे तर तिथीचीही पाहू, कारण बेचाळीस सालच्या खानदेशात शेतकऱ्याचे व्यवहार तिथीवरच चालत. पंचांगाच्या गणिताने तो दिवस शके १८६४ च्या श्रावण वद्य चतुर्दशीचा ठरतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, श्रावणी अमावास्या, अर्थात पोळा. ज्या संध्याकाळी नंदुरबारच्या पेठेत आकांत उसळला, ती भोवतालच्या खेड्यांतून बैलांची खांदेमळणी करण्याची संध्याकाळ होती. चंद्रसूर्यांच्या गतींचा मेळ एकोणीस वर्षांनी बसतो, त्या हिशेबाने चार चक्रे, म्हणजे शहात्तर वर्षे, लोटल्यावर २०१८ साली पोळा नेमका ९ सप्टेंबरला आला. तिथीने स्मरण करावयाचे तर हुतात्म्यांचा दिवस पोळ्याच्या आदल्या दिवशी पाळावा लागला असता. नंदुरबारने तारीख धरली. शिवजयंती तिथीने की तारखेने यावर आपण जी शाई खर्चिली, तिच्या तुलनेत हा निर्णय किती निमूटपणे झाला! याचे कारण उघड आहे. छोडो भारतची चळवळ ही तारखेची चळवळ होती; शाळेच्या हजेरीपटावर आणि पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यावर जो दिवस नोंदला गेला तो इंग्रजी दिनदर्शिकेचा, आणि ज्यांच्याविरुद्ध लढावयाचे त्यांच्याच दिनदर्शिकेत आपला दिवस कोरून ठेवणे हेही एक प्रकारचे स्वामित्वच होय.

त्याच ९ सप्टेंबर १९४२ रोजी, पॅसिफिक महासागराच्या पलीकडे, एका जपानी पाणबुडीवरून नोबुओ फुजिता नावाच्या वैमानिकाने आपले लहानसे विमान उडविले आणि अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील ब्रुकिंग्ज गावाजवळच्या अरण्यावर दोन अग्निबाँब टाकले. अरण्य पेटावे आणि अमेरिकेची धांदल उडावी हा हेतू होता. पण रान ओले होते, आणि जी किरकोळ आग लागली ती लवकरच विझविण्यात आली. युद्धानंतर, १९६२ साली, ब्रुकिंग्जच्या लोकांनी याच फुजितांना सन्मानाने बोलाविले, आणि त्यांनी आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तलवार त्या गावास अर्पण केली. जगाच्या इतिहासग्रंथांत त्या दिवसाखाली ओरेगॉनचे हे दोन बाँब नोंदले जातात, ज्यांनी एकही माणूस मेला नाही. नंदुरबारच्या गोळ्या, ज्यांनी पाच जीव घेतले, त्या नोंदीत सहसा नसतात. फुजितांच्या कथेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. मात्र जे दप्तर मोठे, त्यातली नोंद ठळक, एवढा बोध त्यातून होतो.

आता उरलेल्या मानकऱ्यांकडे वळू. लिओ टॉल्स्टॉय हे ९ सप्टेंबर १८२८ चे. पण ही तारीख नव्या गणनेची. त्यांच्या हयातीत रशियात जुनी ज्युलियन गणना चालू होती आणि तिच्याप्रमाणे तो दिवस २८ ऑगस्टचा होता, म्हणजे टॉल्स्टॉयांनी स्वतः ९ सप्टेंबर हा आपला जन्मदिवस म्हणून कधी साजरा केलाच नाही. तरीही नंदुरबारच्या दृष्टीने या यादीतला खरा सोयरा कोणी असेल तर तो हाच म्हातारा. गांधीजींनी ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला, ज्यांच्या नावे १९१० साली जोहान्सबर्गजवळ आश्रमवजा वसाहत चालविली, त्यांच्या अहिंसेचा धागा आगाखान पॅलेसच्या बंदिवासापर्यंत आणि तिथून नंदुरबारच्या निःशस्त्र मुलांपर्यंत सरळ येऊन पोहोचतो. आधुनिक हिंदीचे प्रवर्तक भारतेंदु हरिश्चंद्र काशीत ९ सप्टेंबर १८५० रोजी जन्मले. नेमक्या त्याच दिवशी कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संघराज्यात दाखल झाले, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नाही. संगणकाची ‘सी’ भाषा रचणारे डेनिस रिची १९४१ चे, चित्रपट-अभिनेते अक्षय कुमार १९६७ चे, कारगिलच्या युद्धात परमवीरचक्र मिळविणारे कॅप्टन विक्रम बत्रा १९७४ चे. माओ त्से-तुंग १९७६ साली याच दिवशी निवर्तले. २०१२ साली याच दिवशी दुग्धक्रांतीचे जनक वर्गीज कुरियन यांनी देह ठेवला, आणि त्याच सकाळी श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या शंभराव्या मोहिमेचे यान उडाले. २०१५ साली दुसऱ्या एलिझाबेथ राणीने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यकालाचा विक्रम मागे टाकला तोही ९ सप्टेंबरच. बेचाळीस साली ज्यांच्या नावाने नंदुरबारात गोळी चालली ते सम्राट सहावे जॉर्ज हे तिचे वडील.

क्रीडाक्षेत्राने या तारखेस दोन प्रसंग दिले आहेत. १९६८ साली न्यूयॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सवर आर्थर ॲश या कृष्णवर्णीय टेनिसपटूने टॉम ओकरला पाच सेट्समध्ये हरवून पहिली खुली अमेरिकन स्पर्धा जिंकली. पण तो हौशी खेळाडू म्हणून नोंदलेला असल्यामुळे चौदा हजार डॉलरचे पारितोषिक पराभूत ओकरच्या पदरी पडले. विजय एकाचा आणि रक्कम दुसऱ्याची, केवळ रजिस्टरातील एका शेऱ्यामुळे! दुसरा प्रसंग मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांत पदार्पण केले ते १९८९ च्या डिसेंबरात. कसोटीतले पहिले शतक त्याने १९९० च्या ऑगस्टमध्येच ठोकले. तरीही एकदिवसीय सामन्यातले पहिले शतक काही केल्या होईना. १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंडला त्याला सलामीस पाठविले गेले, त्याने एकोणपन्नास चेंडूंत ब्याऐंशी धावांचा वर्षाव केला, आणि अखेर ९ सप्टेंबर १९९४ रोजी कोलंबोत ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आपल्या एकोणऐंशीव्या सामन्यात, त्याने ११० धावा केल्या. पुढे अशी एकूण एकोणपन्नास शतके झाली. पावणेपाच वर्षे जे रखडले ते एकदा सुटल्यावर कसे वाहिले, हे पाहिले की त्या तारखेला ‘टप्पा’ म्हणणे सार्थ वाटते.

एवढी नावे एका तारखेवर कशी जमली, याचे आश्चर्य ज्याला वाटते त्याने थोडे गणित करून पाहावे. कोणतीही तेवीस माणसे एका खोलीत बसविली तर त्यांतल्या दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. चाळीस मुलांच्या वर्गात ती शेकडा एकोणनव्वदवर जाते. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि प्रसिद्ध माणसे असंख्य; तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्याला एखादा टॉल्स्टॉय आणि एखादा नट यायचाच. १० सप्टेंबर घेतला असता तरी पंगत भरलीच असती.

परंतु या गणितात एक गृहीत आहे, ते म्हणजे प्रत्येकाला जन्मतारीख असते आणि ती निसर्गाने दिलेली असते. आणि नंदुरबार जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही. महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेल्यांची जी विलक्षण गर्दी आहे तिचे मूळ प्रसूतिगृहात नसून शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. बाप मुलाला घेऊन शाळेत येई, त्याला जन्माची तारीख ठाऊक नसे, ‘पोळ्याच्या सुमारास’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’ एवढेच तो सांगे. वर्ष जूनमध्ये सुरू होई. गुरुजी मुलाकडे एक नजर टाकीत आणि वय बसेल अशा बेताने १ जून लिहून मोकळे होत. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्यातील तालुक्यांत, जिथे भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे वर्ष होळीपासून मोजले जाते, तिथे तर दुसरी सोयही नव्हती. या एका लेखणीच्या फटकाऱ्याचे परिणाम पन्नास वर्षे पुरतात: नियमाप्रमाणे महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्या एकदम ओस पडतात आणि हारतुऱ्यांचा भाव चढतो. सन १९३० ची ‘दख्खनची राणी’ आणि १९४८ ची पहिली एस.टी. बस यांचा वाढदिवसही १ जूनचाच आहे. मात्र त्यांची तारीख खरी आहे.

गावोगावच्या जन्ममृत्यूंची जी जुनी नोंद ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाते, तिची नक्कल मिळविण्यासाठी आज माणसे तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षापुढे ताटकळतात, कारण जातीचा दाखला त्यावर अवलंबून असतो. ज्या कागदाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तोच आता मिळकतीइतका मोलाचा ठरला आहे. खुद्द जिल्ह्याची जन्मतारीख मात्र पक्क्या नोंदीतली आहे: धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वाशीम निघाले त्याच दिवशी. आणि १ जुलै हा तर माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्या मुलखात जन्मतारीख ही गुरुजींची मर्जी होती, त्याच मुलखापासून सबंध देशाच्या नोंदणीला आरंभ व्हावा, यात सरकारचा हेतू स्पष्ट होता: जो नोंदीत नाही त्याला प्रथम नोंदीत आणावे.

माझा अभिप्राय असा की, तारखेवरचा हक्क तीत काय घडले यावरून सिद्ध होत नाही, ती कोणी जपली यावरून सिद्ध होतो. अक्षय कुमारांचा वाढदिवस त्यांचे चाहते जपतात, सचिनचे शतक आकडेवारीचे ग्रंथ जपतात, एलिझाबेथचा विक्रम राजघराण्याचे दप्तर जपते. नंदुरबारच्या पाच जणांना स्मारक आहे, चौक आहे, दर वर्षी अभिवादन आहे. पण महाराष्ट्राच्या इतर भागांत पाचांपैकी एकच नाव परिचित, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरते. उरलेल्या चौघांचे जीवन, त्यांची घरे, त्यांचे सोबती, त्या दिवसाचा घटकेघटकेचा तपशील यांवर साक्षेपी ग्रंथ व्हावयास हवा. बेचाळीस साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. नंदुरबार, शहादा, तळोदा, किंवा पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेल्या घरांतून ज्यांच्याकडे असे कोणी वडीलधारे असतील, अथवा त्या काळची पत्रे, छायाचित्रे, शाळेचे हजेरीपट जुन्या पेटीत पडून असतील, त्यांनी ते लिहून घ्यावे, त्यांच्या नकला करून जवळच्या ग्रंथालयात दाखल कराव्यात, आणि हे काम पुढच्या ९ सप्टेंबरची वाट न पाहता याच दिवाळीत सुरू करावे.