मुक्त सॉफ्टवेअर लिहून घर चालतं का?

परवा पुण्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "दादा, कोड सगळ्यांना देऊन टाकला तर पगार कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर जुनं आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला विकत. कोडची प्रत मात्र कुणीही काढू शकत होतं.

१९८९ मध्ये अमेरिकेत सिग्नस ही कंपनी निघाली. ग्राहकाच्या नव्या प्रोसेसरसाठी जीसीसी हा मुक्त कंपायलर तयार करून द्यायचा, त्याची देखभाल करायची आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे. पुढे रेड हॅटने ती विकत घेतली.

आजही पैसा तिथेच आहे. ज्या कोडवर धंदा उभा आहे, तो सांभाळणारा माणूस कंपनीला लागतोच. लिनक्स कर्नलचं बहुतांश काम पगारी लोक करतात.

नवखे असाल तर गूगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची हे उपक्रम बघा. दोन्हींत मानधन मिळतं. अनुभवी मंडळींना नेदरलँड्समधल्या एनएलनेट या संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज करता येतो.

माझा अनुभव असा की रेझ्युमेपेक्षा स्वीकारले गेलेले पॅच जास्त बोलतात. छोटा बग, नेटका कमिट मेसेज, रिव्ह्यूला शांतपणे दिलेलं उत्तर. हे सगळं कुणालाही वाचता येतं, आणि काम देणारे ते खरंच वाचतात.

कुठल्या प्रोजेक्टपासून सुरुवात करावी असा प्रश्न असेल तर कमेंटमध्ये विचारा. कोणती प्रोग्रामिंग भाषा येते तेही लिहा, म्हणजे नेमकं सुचवता येईल.