धम्माचं पहिलं पाऊल : ॲप, पॅगोडा आणि आपल्या गल्लीतलं विहार

नेहमीप्रमाणे हा या भागाचा लेखी मजकूर. लोकलच्या खडखडाटात ज्यांना अर्धंच ऐकू आलं, किंवा ज्यांना नावं आणि सालं नीट बघायची आहेत, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न खूप जणांनी पाठवलाय : "बौद्ध धम्म शिकायचाय. सुरुवात कुठून करू?"

हे विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकांच्या फोनमध्ये ध्यानाचं ॲप आहे, घंटेचा आवाज आहे, पण विहारात कधी पाय ठेवलेला नाही. दुसऱ्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर पहिल्यापासून आहे, वंदना तोंडपाठ आहे, पण तिच्यातल्या पाली शब्दांचा अर्थ कुणी बसवून सांगितलेला नाही. दोघंही अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला एकाच गाडीतून उतरतात आणि वेगळ्या दिशेने जातात. आज मी दोघांशीही बोलणार आहे.

आधी एक गोष्ट : घाई नको

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं मराठी चरित्र भेट दिलं. पुढे १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. हातात पुस्तक पडलं तिथपासून दीक्षेपर्यंत ४९ वर्षं!

दुसरं उदाहरण धर्मानंद कोसंबींचं. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा तरुण. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्याने बुद्धांविषयी वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. १८९९ साली घर सोडलं, शिकत शिकत श्रीलंकेपर्यंत पोहोचला, भिक्षू झाला. पुढे मराठीत बुद्धांवर लिहिलं आणि परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभं केलं.

दोघांची सुरुवात मराठी वाचनातून झाली. म्हणजे पहिलं पाऊल तुमच्याही आवाक्यातलं आहे. एक लक्षात घ्या, शिकायला सुरुवात करण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही, कुठे नाव नोंदवावं लागत नाही. कालामांना बुद्धांनी सांगितलं त्याचा सारांशच असा, की परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून बघा.

पंचशील : हुकूम नाही, सराव

विहारातली वंदना नीट ऐका. त्रिशरणानंतर पंचशील येतं. त्यात तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात : वेरमणी, सिक्खापद, समादियामि. वेरमणी म्हणजे दूर राहणं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. समादियामि म्हणजे मी स्वतःहून स्वीकारतो किंवा स्वीकारते. इथे वरून कुणी 'करू नकोस' असं दटावत नाही. तुम्हीच म्हणता, मी हे शिकायला घेतोय. म्हणून एखादं शील मोडलं तर नरकाची भीती घालत बसायचं नाही. पाहायचं, समजून घ्यायचं, परत उचलायचं. जिमसारखंच आहे.

आता पाचही आपल्या रोजच्या आयुष्यात कसे दिसतात ते बघू.

पहिलं, जीवहिंसेपासून दूर राहणं. यात फक्त मारणं नाही, मनातला राग आणि क्रूरपणाही बघायचा. विरारच्या गाडीत दारात अडकल्यावर आपण शेजारच्या माणसाबद्दल मनात काय काय बोलतो, ते आठवा.

दुसरं, न दिलेलं न घेणं. पालीतला शब्द अदिन्नादान. 'चोरी' पेक्षा हा मोठा शब्द आहे. विनातिकीट प्रवास यात येतो. ऑफिसात सहकाऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडणंही येतं.

तिसरं, कामवासनेतला गैरवागणूक टाळणं. आजच्या भाषेत संमती, प्रामाणिकपणा आणि कुणाला न फसवणं. यात कुणाच्या खासगी फोटोचा स्क्रीनशॉट पुढे पाठवणंही आलंच.

चौथं, खोटं न बोलणं. माझ्या मते फोनवाल्या पिढीसाठी सगळ्यात अवघड हेच. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेत खोट्याबरोबर चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबडही टाळायला सांगितलीय. आता फॅमिली ग्रुप उघडा आणि मोजा! न तपासता फॉरवर्ड करण्याआधी दहा सेकंद थांबणं, हे चौथ्या शिलाचं पालन आहे.

पाचवं, नशेपासून दूर राहणं. इथे कारण मूळ पाठातच आहे : नशेने 'पमाद' म्हणजे बेसावधपणा येतो. भान सुटलं की उरलेली चारही शीलं धोक्यात.

नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा वाचल्यात का? त्यातही करुणा, चोरी न करणं, खोटं न बोलणं, व्यभिचार न करणं, दारू न पिणं हे सगळं स्वतंत्रपणे आलंय. म्हणजे पंचशील हा मान हलवून म्हणायचा पाठ नाही, बाबासाहेबांनी तो जगण्याचा करार म्हणून दिला.

श्वास : दहा मिनिटं पुरे

ॲपवाल्यांसाठी हा भाग ओळखीचा. आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुड्यांपाशी. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही. जसा आहे तसा बघायचा. मन पळेल. पळालं हे कळलं की परत आणायचं. हे परत आणणं हाच व्यायाम.

बोरिवलीहून गोराई जेट्टीवर जा, बोटीने पलीकडे ग्लोबल विपश्यना पॅगोडा. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. मधे एकही खांब नसलेला तो प्रचंड घुमट, आत सुमारे ८,००० माणसं बसू शकतात. भेट देणाऱ्यांना तिथे आनापानाची तोंडओळख करून देतात. सत्यनारायण गोएंका १९६९ साली म्यानमारहून विपश्यना घेऊन भारतात आले, त्या परंपरेतलं हे ठिकाण. दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं. पण फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला उठणं. आधी घरी महिनाभर रोज दहा मिनिटं बसून बघा, मग अर्ज करा. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि अर्जात ते लपवू नका.

आता अवघड भाग

श्वास बघून शांत वाटतं. छान. पण धम्म तेवढ्यावर थांबत नाही. उपाली नावाचा न्हावी शाक्य राजकुमारांबरोबर संघात आला. त्याला आधी दीक्षा मिळाली, म्हणजे नियमाने तो त्या राजकुमारांना ज्येष्ठ, आणि त्यांनी त्याला वंदन करायचं. बुद्धांच्या संघात हे असं होतं.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत, त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत ते सरळ प्रश्न उभे करतात : बुद्धांनी गृहत्याग का केला? चार आर्यसत्यं मूळची आहेत का? पुनर्जन्म आणि आत्मा यांचं काय? भिक्षू कशासाठी? नवख्या माणसाला यातून धीर येतो. प्रश्न विचारले म्हणून कुणी तुम्हाला धम्माबाहेर काढत नाही. त्या ग्रंथात दुःख म्हणजे फक्त माझा ताण नाही, माणसाने माणसाला दिलेलं दुःखही आहे. जात हे त्यातलं मोठं दुःख.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाखांहून जास्त महाराष्ट्रात. म्हणजे धम्म आपल्याकडे पुस्तकात नाही, शेजारी राहतो. म्हणून ॲपवाल्या मित्रांना मी स्पष्ट विचारतो : गोराईला बोटीने जायला तयार आहात, पण शेजारच्या नगरातल्या विहारात जायला पाय का अडखळतो? त्या अडखळण्याकडे श्वासाकडे बघता तसंच बघा. तिथून तुमचा खरा अभ्यास सुरू होईल.

आणि घरातच धम्म मिळालेल्यांना एवढंच, की नवीन कुणी आलं तर "तू कोण, कुठला" असं आधी विचारू नका. सतरंजीवर सरकून जागा द्या.

विहारात जाणं सोपं आहे. रविवारी सकाळी किंवा पौर्णिमेला वंदना असते. चप्पल बाहेर, फोन सायलेंट. पांढरे कपडे प्रथा आहे, सक्ती नाही. पाठ येत नसेल तर हात जोडून ऐका, नंतर एखाद्या ताईंना किंवा दादांना अर्थ विचारा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तेव्हा अनेक विहारांत ग्रंथवाचन चालतं. नवख्यांसाठी याहून चांगला वर्ग नाही.

या आठवड्यात काय करायचं?

एक : पाचातलं एकच शील निवडा, रात्री दोन ओळी लिहा. दोन : रोज दहा मिनिटं श्वास. तीन : ग्रंथाची रोज दोन पानं. चार : एक रविवार विहारात. आणि वेळ मिळाला तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जा. शंभरावर लेणी, पाण्याची टाकी, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या साध्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख. आपल्या उपनगरात धम्म दोन हजार वर्षांपूर्वीही नोकरी-धंदा करणाऱ्यांच्या आधारावरच उभा होता.

कुठलं शील निवडलंत ते मेसेज करून कळवा. पुढच्या भागात अष्टांगिक मार्ग, एकेक पायरी. तोपर्यंत नमो बुद्धाय, जय भीम!