बेसा गावचे मत कामठीच्या पेटीत

बेसा गावच्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला नागपूरच जवळ. विधानसभेचे मत मात्र त्याचे कामठीच्या खात्यात पडते. गाव शहराच्या दक्षिणेला, कामठी पार ईशान्येला. कोराडीचा वीज केंद्राशेजारचा माणूस आणि मौद्याकडचा धानवाला, दोघेही याच मतदारसंघात. लोकसभेला हीच मते रामटेकला जातात.

१९९९ साली इथून रिपब्लिकन गटाच्या सुलेखा कुंभारे निवडून आल्या आणि राज्यात मंत्री झाल्या. २००४ ला भाजपचे चंद्रशेखर बावनकुळे आले, ते २००९ आणि २०१४ लाही. ऊर्जा खाते त्यांच्याकडे असताना २०१९ ला पक्षाने त्यांनाच तिकीट नाकारले! टेकचंद सावरकर उभे राहिले आणि काँग्रेसचे सुरेश भोयर यांच्यावर ११,११६ मतांनी निवडून आले. २०१४ चे मताधिक्य ४० हजारांवर होते, म्हणजे केवढे घसरले बघा.

खरी गंमत २०२४ ची. लोकसभेला कामठीत काँग्रेस पुढे होती. सहा महिन्यांतच विधानसभेला बावनकुळे १,७४,९७९ मते घेऊन आले, भोयर १,३४,०३३ वर थांबले. काँग्रेसची मते जवळपास तेवढीच राहिली, महायुतीची सुमारे ५६ हजारांनी वाढली. जून २०२५ मध्ये राहुल गांधींनी लेख लिहून याच कामठीकडे बोट दाखवले. निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले.

कोण खरे, ते ठरवणारे आपण पंच नव्हे. पण यादी का फुगते अन् का चुकते, हे बेसा, पिपळा भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. वावरं गेली, ले-आऊट पडले, फ्लॅट उभे राहिले. नवीन बिऱ्हाडे आली, त्यांची नावे कुठे जुन्याच पत्त्यावर, कुठे दोन्हीकडे. आणि ज्याने वावर विकले, त्याचा पोरगा पुण्याला गेला तरी नाव इथेच. वारलेल्या आजोबांचे नाव काढायला कोण जातो हो?

म्हणून मतदानाच्या दिवशी भांडण्यापेक्षा यादी आधी बघा. नवीन नावासाठी अर्ज ६, नाव वगळायला ७, पत्ता बदलायला अन् दुरुस्तीला ८. बूथच्या बीएलओकडे द्या, बहुधा ते गावातलेच मास्तर किंवा अंगणवाडीच्या बाई असतात. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक साहेबांनीही मृत्यूच्या नोंदी यादीशी ताडून पाहायला हरकत नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली, की त्या निवडणुकीपुरते नाव चढत नाही.

बेसा-पिपळ्याला आता नगर पंचायत आहे. तिची प्रभागाची यादीही कामठी विधानसभेची यादी फोडूनच करतात. इथे नाव नसले, तर तिथेही नसते.